पंडिता रमाबाई : स्वतःचा धर्म स्वतः निवडणारी बाई आणि केडगावची लेकरे

आपल्या वस्तीत रमाबाई म्हटले की डोळ्यांसमोर रमाई येते. शेणी थापून, अर्धपोटी राहून बाबासाहेबांच्या शिक्षणाला बळ देणारी आपली माता. शाळेच्या पुस्तकात आणखी एक रमाबाई भेटते, न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी, पुण्याच्या सेवासदनाशी जोडलेली. तिसऱ्या रमाबाईचे नाव मात्र आपल्या तरुण कार्यकर्त्यांना विचारले, तर बहुतेकांना पंडिता ही पदवी तेवढी आठवते, पुढचे फारसे सांगता येत नाही. एप्रिल महिन्यात आपण ११ तारखेला फुले जयंती आणि १४ तारखेला भीमजयंती साजरी करतो. याच महिन्याच्या ५ तारखेला पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन आणि २३ तारखेला जन्मदिन असतो. म्हणून आज आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

काहीजण विचारतील की जन्माने चित्पावन ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती झालेली, चर्च आणि प्रार्थनेत आयुष्य घालवलेली ही बाई आंबेडकरी चळवळीच्या मुलामुलींनी का वाचावी? प्रश्न रास्त आहे. उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे, म्हणून आधी ते आयुष्य पाहू.

जंगलातले घर, रस्त्यावरचे बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले. बाईला संस्कृत शिकवणे हा त्या काळी धर्माविरुद्ध गुन्हा मानला जाई, म्हणून स्वजातीयांचा रोष पत्करून ते रानात जाऊन राहिले. वडिलांनी आईला शिकवले आणि आईने मुलीला शिकवले. वेदांचा अधिकार स्त्रियांना नाही, एवढी एक चौकट मात्र अनंतशास्त्र्यांनीही मोडली नाही.

पुढे कर्जापायी घर सुटले आणि हे कुटुंब तीर्थयात्रा करत, गावोगावी पुराण सांगत देशभर हिंडू लागले. १८७० च्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. भीक मागायची नाही, मोलमजुरी करायची नाही, हे ब्राह्मणी संस्कार अंगात मुरलेले. जवळचे दागिने-भांडी विकली गेली, व्रते-उपवास झाले, दानधर्म झाला, देव काही पावला नाही. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. दोघांनी हजारो मैल पायी तुडवले. जातीचा अभिमान पोट भरत नाही आणि पूजापाठाने दुष्काळ टळत नाही, हा धडा रमाबाई उपाशीपोटी शिकल्या.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. विशीतल्या या मुलीचे संस्कृत ऐकून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद ठेवले आणि वाचायला सांगितले. रमाबाईंनी धर्मशास्त्रे वाचून काढली. पुढे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे की हे ग्रंथ आपसांत कितीही भांडले, तरी एका बाबतीत त्यांचे एकमत होते. स्त्री आणि शूद्र यांना स्वतःच्या हक्काने मोक्ष नाही. ज्या ग्रंथांमुळे पदवी मिळाली, त्याच ग्रंथांवरचा त्यांचा विश्वास ते ग्रंथ वाचूनच उडाला.

भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. मेधावी शूद्र गणल्या गेलेल्या जातीचे होते. ब्राह्मणाच्या मुलीने शूद्राशी केलेला विवाह म्हणजे मनुस्मृतीच्या लेखी निषिद्ध प्रतिलोम विवाह. पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने पती गेले. चोवीसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेले होते आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती.

पुण्यातली रमाबाई

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. स्त्रियांसाठी आर्य महिला समाज स्थापन केला. रानड्यांच्या घरच्या रमाबाई त्यात येत. याच १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली, हे आपल्याला तोंडपाठ असते. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंचीही साक्ष झाली, हे आपण सांगत नाही. शिकलेल्या पुरुषांपैकी बहुतेक जण स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत, मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात, स्त्रियांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडण्याची लाज वाटते म्हणून बायका मरत होत्या आणि ते आयोगाला ऐकवणारी एक बाई होती.

१८८३ मध्ये वैद्यकीचे शिक्षण घ्यावे म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. कान कमजोर असल्यामुळे ते शिक्षण झाले नाही. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनी वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळत, शिकवत, पायावर उभे करत. आपल्या धर्मशास्त्रांत अशा बाईसाठी काय लिहिले आहे, ते रमाबाईंना पाठ होते. इथे अशा बाईला आसरा मिळत होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतर केले, बुद्धी गहाण ठेवली नाही

महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. कालपर्यंत जिची विद्वत्ता मिरवली, ती आज फितूर ठरली. अशा वेळी १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली. शिकलेली बाई शास्त्रे वाचेल, त्यातला पक्षपात ओळखेल आणि बाहेर पडेल, यात नवल ते काय, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नव्हते, त्यांचा सार्वजनिक सत्यधर्म वेगळा होता. तरीही एका बाईचा धर्म निवडण्याचा हक्क त्यांनी उचलून धरला. फुले-आंबेडकरी परंपरेचे वारस म्हणवणाऱ्या आपल्याला रमाबाईंची ओळख खरे तर इथूनच व्हायला हवी होती.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई चर्चपुढे मान तुकवून बसल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी प्रश्न विचारले. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे विचारले. शाकाहार सोडला नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे काही बिशपांनी म्हटले, तेव्हा बाई म्हणून आपल्याला अडवण्याचा हक्क त्यांना कोणी दिला, असा सवाल त्यांनी केला. एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटले, ती दुसऱ्या पुरोहितशाहीखाली जाण्यासाठी नव्हे, ही त्यांची भूमिका होती. ख्रिस्तावर श्रद्धा पूर्ण, चर्चच्या अधिकाऱ्यांवर आंधळा विश्वास नाही, असे त्यांचे धोरण राहिले.

१८८६ मध्ये नात्यातल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेतील फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळपास तीन वर्षे तिथे राहिल्या. बालवाडीची शिक्षणपद्धती शिकल्या, गावोगावी व्याख्याने दिली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालअपेष्टांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक गाजले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षे पैसा देण्याची हमी मिळाली. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे मराठी पुस्तक निघाले. त्यात अमेरिकेचे कौतुक आहे, तसेच काळ्या माणसांच्या गुलामगिरीचा, वर्णद्वेषाचा आणि तिथल्या मूळ रहिवाशांवरील अन्यायाचा निषेधही आहे. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून ते अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण करणारे जोतीराव इथे सहज आठवतात.

शारदा सदन : काम आणि मर्यादा

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. बालविधवांना आसरा, शाळा आणि हाताला काम देणारे हे घर. पहिल्या काही मुलींत गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्व्यांचे स्त्रीशिक्षणातले काम साऱ्यांना ठाऊक आहे, पण त्यांच्या पत्नीला उभे करणाऱ्या शारदा सदनाचे नाव क्वचितच घेतले जाते. १८८९ मध्येच मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेलेल्या मोजक्या स्त्रियांत रमाबाई होत्या.

इथे आम्ही एक गोष्ट लपवणार नाही. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुलींना आपापल्या जातीचे सोवळेओवळे पाळता यावे, अशी सोयही तिथे होती. केशवपन, बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य ही ब्राह्मणी घरातली दुःखे होती आणि रमाबाईंनी त्यांच्यावर बोट ठेवले, ते बरोबरच होते. पण त्याच पुण्यात महारवाड्या-मांगवाड्यांतली बाई कुठल्या नरकात जगत होती, याचा हिशेब त्या काळच्या रमाबाईंच्या लेखनात फारसा दिसत नाही. मुक्ता साळवेने १८५५ मध्येच मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला होता. आपली परंपरा तिथून सुरू होते, हे विसरून कुणाचाही गौरव करू नये.

१८९३ मध्ये काही मुली रमाबाईंच्या खोलीत प्रार्थनेला बसतात, असा बोभाटा झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर बाजूला झाले. वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की कोणावर सक्ती नाही, पण माझे दारही मी बंद करणार नाही. सुधारक म्हणवणाऱ्यांनी साथ सोडली आणि संस्था मोडायला आली. रमाबाई मोडल्या नाहीत.

दुष्काळाने बदललेली रमाबाई

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव आहे. तिथे त्यांनी शंभरेक एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी स्वतः दुष्काळात होरपळलेली बाई घरी कशी बसणार? त्या तिकडे गेल्या. छावण्यांमध्ये उपाशी मुलींना फसवून नेणारे दलाल फिरत होते, ते त्यांनी पाहिले. सुमारे तीनशे मुलींना घेऊन त्या परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुलींना केडगावच्या माळावर ठेवले. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिकडूनही मुली आल्या आणि मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

आता या मुली केवळ ब्राह्मण विधवा नव्हत्या. जिचे कोणी नाही ती मुक्तीची, मग ती कुठल्याही जातीची असो. शारदा सदनातल्या सोवळ्याची जागा एका पंक्तीने घेतली. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन झाले. म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी वेगळे घर झाले. मुलांसाठीही सोय झाली. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाऊ लागली, त्यात लेक मनोरमेचा मोठा वाटा होता.

इथल्या मुलींना नुसते जेवू घालून बसवले नाही. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना, पुस्तकबांधणी ही सगळी कामे मुली शिकल्या. विहिरी खोदल्या, मळे फुलवले. खिळे जुळवणाऱ्या, छपाई यंत्र चालवणाऱ्या मुली १९०० च्या सुमारास महाराष्ट्रातल्या एका खेड्यात होत्या, हे लक्षात घ्या. त्या काळी बहुतेक शहरी घरांतही मुलीने पाटी हातात धरणे पाप समजले जाई.

इंग्रज सरकारशीही त्यांनी जुळवून घेतले नाही. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेग रुग्णालयांत आणि छावण्यांत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. त्याचे पडसाद वरपर्यंत उमटले. त्याच वर्षी, त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीमाई गेल्या. दोघींच्या वाटा वेगळ्या होत्या, पण मरणाच्या दारातले पोर उचलताना दोघींनीही त्याची जात विचारली नाही.

सोप्या मराठीतला धर्मग्रंथ

शेवटची जवळपास अठरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतने जड झालेले होते, शेतात राबणाऱ्या, नुकत्या अक्षरे गिरवू लागलेल्या बाईला ते कळेना. संस्कृतच्या या पंडितेने मुद्दाम संस्कृत बाजूला ठेवून घरगुती मराठी निवडली. छपाई मुक्तीच्या मुलींनी केली. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या हयात नव्हत्या.

भगवान बुद्धांनी आपला धम्म छंदस भाषेत बांधू दिला नाही, लोकांना त्यांच्या त्यांच्या बोलीत सांगायला लावला, हे विनयपिटकात नोंदलेले आहे. ज्ञान मूठभरांच्या भाषेत कोंडले की मूठभरांचे राज्य टिकते. रमाबाई ख्रिस्ती श्रद्धेतून का होईना, त्याच निष्कर्षाला आल्या.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. आईचे सारे काम पुढे नेणारी, गुलबर्ग्याला शाळा उभी करणारी एकुलती एक लेक. नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावला रमाबाईंनी डोळे मिटले. मुक्ती मिशन आजही तिथे सुरू आहे.

आपण काय घ्यायचे, काय तपासायचे

मतभेद आधी सांगतो. उपाशी लेकराला अन्न देणाऱ्या घरातच त्याला धर्म दिला जातो, तेव्हा ती निवड कितपत मोकळी, हा प्रश्न मिशनांना विचारलाच पाहिजे. दुष्काळातून आलेल्या मुलींबाबत तो रमाबाईंनाही लागू होतो. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी अभ्यास केला, समाजाशी बोलले, १९३६ मध्ये 'मुक्ती कोन पथे?' असा प्रश्न थेट आपल्या माणसांपुढे ठेवला. ते जाणत्या माणसांनी विचारपूर्वक केलेले सामुदायिक धर्मांतर होते. शिवाय रमाबाईंचा मार्ग देवाच्या कृपेवर उभा होता आणि आपला मार्ग अत्त दीप भव सांगणारा आहे. हा फरक पुसून टाकायचा नाही.

पण जिथे आदर द्यायचा तिथे तो पूर्ण द्यायचा. ज्या काळात बाईला नवरा निवडायचा हक्क नव्हता, त्या काळात या बाईने नवराही निवडला आणि धर्मही निवडला. त्याची किंमत तिला मोजावी लागली. धर्मांतरानंतर महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासातून तिचे नाव हळूहळू गाळले गेले. धर्म बदललेल्यांचे कर्तृत्व कसे पुसले जाते, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. आज धर्मांतराच्या हक्कावर वेगवेगळ्या राज्यांत कायद्याने बंधने येत असताना ही आठवण आपल्या कामाची आहे. आपल्या धर्मांतराचे समर्थन करायचे आणि दुसऱ्याच्या धर्मांतराकडे संशयाने पाहायचे, असे दुटप्पी वागणे जोतीरावांच्या वारसांना शोभत नाही.

दुसरी गोष्ट संस्थांची. रमाबाईंनी भाषणे केली, पुस्तके लिहिली, पण त्या तिथे थांबल्या नाहीत. जमीन घेतली, विहीर खोदली, शाळा, छापखाना आणि स्वयंपाकघर चालवले. आपण एप्रिलमध्ये डीजे, कमानी आणि मिरवणुकांवर लाखो रुपये खर्च करतो. त्याच वस्तीतली एखादी मुलगी दहावीनंतर वसतिगृह नाही म्हणून घरी बसते, एखादी टाकलेली बाई दोन लेकरांना घेऊन बुद्धविहाराच्या पायरीवर बसते आणि तिच्यासाठी आपल्याकडे एक खोली नसते. विहार आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली अध्यक्षांकडे आहे. वंदनेपुरते उघडते आणि बंद होते.

आम्हाला वाटते, या एप्रिलमध्ये प्रत्येक मंडळाने एवढे तरी करावे. वर्गणीचा ठरावीक वाटा बाजूला काढून विहारात रोज संध्याकाळी मुलामुलींची अभ्यासिका सुरू करावी, शिकवायला वस्तीतल्याच शिकलेल्या मुली बसवाव्यात आणि त्यांना मानधन द्यावे. विहाराची एक किल्ली महिला मंडळाकडे असावी. अडचणीतल्या बाईला रात्री कुठे जायचे, हे वस्तीला आधीपासून माहीत असावे.

बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली आणि हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्या मोजपट्टीवर आपली वस्ती कुठे बसते, हे प्रत्येक मंडळाने जयंतीच्या हिशेबाच्या बैठकीत एकदा मांडून बघावे. आणि वाचनालयात रमाईच्या चरित्राशेजारी, सावित्रीमाईंच्या पुस्तकांशेजारी, या केडगावच्या रमाबाईंचे एक चरित्रही ठेवावे.

जय भीम. नमो बुद्धाय.